लाल रुमाल

चार जुने यंत्रमागवाले भेटले की चहा गार होतो, पण किस्से काय संपत नाहीत. माझे तर फिरून फिरून सिदूवरच येतात, त्याला माझा इलाज नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. माधवनगरच्या एका शेडात मी जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सिदू म्हसवडकडचा, तिशीतला, चार माग एकटा सांभाळायचा. शेडातल्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून मागून खांद्यावर थाप मारायची आमची पद्धत. पहिल्याच दिवशी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शांतामावशींनी त्याला थाप मारली. तो असा ओरडला की मावशींची टोपली उपडी झाली. जरा वेळाने त्यानेच एकेक कांडी वेचून रंगवार लावून दिली.

"आदी खेकसतोस, आन् आता लावून देतोस व्हय रं?" मावशी म्हणाल्या.

"अचानक हात पडला की डोस्कं पेटतंय, मावशी. तुमच्यावर राग न्हाई."

*

लाइट गेली की शेड शांत व्हायचं आणि आमच्या गप्पा सुरू. सिदू मात्र कान झाकून बाहेर लिंबाखाली जायचा.

मी एकदा विचारलं, "दिवसभर खडखडाट सोसतोस, आन् आमचं बोलणं सोसत न्हाई?"

"माग एकच बोलत्यात, मिस्त्री. तुमी सात जण सात बोलताय."



*

कापडाच्या घड्या घालणाऱ्या एका नव्या पोराने गंमत म्हणून मुद्दाम थाप मारली. सिदूने हातातला धोटा भिरकावला, वरची ट्यूबलाइट फुटली. मालक म्हणाले, "उद्यापासनं येऊ नकोस."

मी मध्ये पडलो. पोरगं कामाला सोन्यासारखं, मला ते घालवायचं नव्हतं.

"मग तुझ्या जबाबदारीवर," मालक म्हणाले. "परत शेडात राडा झाला, तर दोघंबी घरी."

मी सगळ्यांना एकेक लाल रुमाल आणून दिला. सिदूकडे काम असलं तर समोरून यायचं, रुमाल हलवायचा आणि थांबायचं. पुढं दोन महिने शेडात एकही भांडण नाही.

*

आता माझं सांगतो. मी रहिमतपूरला मामाकडे वाढलो. घरात कपाचा कान तुटला तरी मामा मागून येऊन मानगूट धरायचा, "कुणी केलं?" उत्तर त्याचं ठरलेलंच असायचं. ते दुखणं माझं अजून गेलेलं नाही, सांगायला लाज कसली?

एका सकाळी एका मागाचं बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, निसटलं आणि अख्खा ताणा तुटला. मी वाकून बघत होतो, तोच मालक पाठीमागून अगदी कानाशी गरजले, "कुणी केलं ह्ये?"

मी चाळिशीचा बाप्या, पण त्या घटकेला सहा वर्षांचा होतो. पाना मुठीत आवळला. आता वळायचं आणि हाणायचा, एवढंच डोक्यात होतं. दोघांची नोकरी वगैरे काही आठवलं नाही.

सिदूने आपले चारी माग बंद केले. कुणासाठी त्याने कधी एक बंद केला नव्हता. तो आला, माझ्यासमोर उभा राहिला, खिशातून लाल रुमाल काढून हलवला आणि थांबला.

मी पाना खाली ठेवला.

"ह्ये काय चाललंय?" मागून मालकांनी विचारलं.

"मालक, मिस्त्रीच्याबी म्होरनंच याय लागतंय," सिदू म्हणाला. "तुमी जरा फिरून हिकडनं या."