बाबांच्या गाडीने चार तासांत लोणावळा

आता तळेगावहून जुन्या महामार्गाने लोणावळा पाऊण तासावर आहे. आम्हाला १९६७ साली चार तास लागले. तरीही जुन्या गाडीचं इंजिन बांधून घेतलंत आणि पहिल्यांदाच ती बाहेर काढणार असाल, तर मी हाच रस्ता सुचवेन. चढ बेताचे, वाटेत पाणी मिळतं आणि काही बिनसलंच तर शेजारून आगगाडी आहेच.

गाडी बाबांची. काळी, विलायती, त्यांच्या डॉक्टरकीपायी मावळातला सगळा चिखल तुडवलेली. ते गेल्यावर दोन वर्षं ती अंगणात उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मला ते बघवत नसे. शेवटी बाबांच्या वेळेपासूनचे आमचे मेकॅनिक उस्मानभाई यांनी महिनाभर खपून इंजिन पूर्ण उघडलं, नवे पिस्टन घातले आणि परत बांधलं. आमच्या ह्यांनी मात्र अट घातली. लोणावळ्याला जाऊन धक्का न मारता परत आली तर गाडी राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. आदल्या दिवशी मी गाडीची पूजा अगदी मनापासून केली होती. पुढच्या जाळीवर झेंडूचे दोन जाडजूड हार, त्यांवर ताणून बांधलेला खण, मधोमध नारळ. चालवायला मी, शेजारी कान टवकारून उस्मानभाई आणि मागे हे, खिशात परतीच्या आगगाडीचं वेळापत्रक घेऊन. इंजिन नवं, म्हणून ताशी वीस मैलांच्या पुढे जायचं नाही असा उस्मानभाईंचा हुकूम होता. एका उतारावर सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, तेव्हा मागच्या सीटवरून खुसखुस ऐकू आली.

वडगावला बॉनेटमधून पहिली वाफ निघाली. उस्मानभाईंनी पंख्याचा पट्टा तपासला, पाण्याच्या नळ्या चाचपल्या. सगळं ठीक होतं. रेडिएटरचं टोपण तापलेलं असताना कधीही उघडू नका, तोंड भाजेल. आम्ही तासभर थांबलो, समोरच्या टपरीवर भजी खाल्ली, पाणी भरलं आणि निघालो.

कामशेतच्या चढावर ती पुन्हा उकळली. आता उस्मानभाईंचा चेहराच उतरला. ते बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून होते. मग हात पुसत हळूच म्हणाले, की चूक त्यांचीच असणार, इंजिन पुन्हा उघडावं लागेल. सोमवारला दोनच दिवस होते. ह्यांनी वेळापत्रक बाहेर काढलं आणि मला रडू कोसळायची वेळ आली.

तेवढ्यात ओढ्यावरून हंडा घेऊन एक मावशी वर आल्या. मी पाणी मागितलं. त्यांनी हंडा उतरवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढे येऊन थांबल्या.

"बैलाचं नाकतोंड बांधून चढाला हाकताय व्हय? त्यो दम कुटनं घ्यायचा?"

मी जाळीकडे पाहिलं. वारा आत जायची जाळी मीच हारांनी आणि खणाने गच्च बंद केली होती. उस्मानभाईंकडे वळले, तर ते खाली बघत होते.

"दिसत होतं, ताई," ते म्हणाले. "वडगावलाच शंका आली होती. पण पूजेचं ते. मी हात कसा लावू?"

माझं मन राखायला हा माणूस स्वतःच्या कामाला खोटं पाडायला निघाला होता. मला इतकी लाज वाटली, की मी खण ओढताना गाठसुद्धा सोडली नाही, फाडलाच.

हार उतरवले, इंजिन निवल्यावर हंड्यातलं पाणी भरलं आणि नारळ मावशींना दिला. त्यानंतर कार्ला आलं कधी नि गेलं कधी ते कळलंच नाही. लोणावळ्याच्या बाजारात अकराला पोहोचलो, चहा घेतला, चिक्की घेतली. परतीला वाफेचा एक धागाही दिसला नाही. ह्यांनी वेळापत्रकात चिक्की गुंडाळून ठेवली आणि सोमवारी भंगारवाल्याला चहा पाजून स्वतःच वाटेला लावलं.

ती गाडी पुढे अकरा वर्षं चालली. लोणावळा तर कितीदा झालं, पण आठवतं ते कामशेतच्या चढावरचं उस्मानभाईंचं खाली बघणं. पुढच्या दसऱ्याला मी हार घेऊन गाडीपाशी गेले, तर ते आधीच तिथे उभे होते. त्यांनी हार माझ्या हातातून घेतला आणि स्टिअरिंगला घातला. मला विचारलंसुद्धा नाही.