फ्रेंच द्वंद्वगीत आणि घरातल्या चादरी

‘शनिवार, २० मार्च २०२१. नावन, आयर्लंड. सकाळी ऊन, दुपारनंतर बोचरा वारा. शैलेंद्रची हॉस्पिटलात डबल ड्यूटी. कोबीची भाजी, वरण. ब्रेड संपला. निहारिकाची फ्रेंचची तोंडी परीक्षा जवळ आली. पोर जेवली नाही.’

अलकनंदाबाईंनी पेनाला टोपण लावलं. कॉन्व्हेंट शाळेत मदर सेलेस्तीननं लावलेली ही सवय. यजमान गेले त्या संध्याकाळीसुद्धा त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. पुण्याहून लेकाकडे, शैलेंद्रकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, विमानं बंद झाली, आणि दुसरी डायरी सुनेला, रुचाला, इथल्याच दुकानातून आणून द्यावी लागली.

नात निहारिका सतरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या हेलातलं. बाईंना त्यातलं निम्मंच उमगे. ‘जेवलीस का?’ म्हटलं की ‘आयॅम ग्रँड, आजी,’ म्हणजे मी मजेत आहे, एवढ्यावर विषय संपायचा. माया भरपूर, बोलणं जेमतेम.

तिला हवा होता कॉमर्सचा कोर्स, फ्रेंचसकट. फ्रेंचचे मार्क घसरले की कोर्स हातचा जाणार. लेखी पेपराची तिला चिंता नव्हती. फ्रेंच बोलायचं म्हटलं की मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागे. फेब्रुवारीतल्या ऑनलाइन सराव परीक्षेत तर ती इतकी गप्प बसली, की मॅडमना वाटलं इंटरनेट गेलं. कौतुकानं की काळजीनं कोण जाणे, पण ही गोष्ट रुचा अजून सांगत असे, आणि प्रत्येक वेळी पोरीचे कान लाल होत.

परीक्षेला आवडीचं एखादं चित्र किंवा कागद नेऊन त्यावर बोलायची मुभा होती. निहारिकानं एका गाण्याच्या कव्हराचं चित्र निवडलं होतं. फ्रान्समधल्या मार्सेचा एक तरुण आणि ब्रुसेल्सची एक बाई, लॉकडाउनमध्ये आपापल्या घरी बसून गायलेलं द्वंद्वगीत. फ्रान्सभर गाजलं, मग बेल्जियम, स्वित्झर्लंड, आणि शेवटी इथल्या रेडिओवरही लागायला लागलं. किती आठवडे पहिल्या नंबरावर होतं, किती खपलं, कुठला सन्मान मिळाला, हे सगळं तिनं घोकून ठेवलं होतं.

बाईंनी परीक्षक व्हायचं ठरवलं. फ्रेंच त्या शाळेत शिकल्या होत्या. साठ वर्षांत गंज चढला होता, तरी गेला नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसल्यावर निहारिकानं आकडे धडाधड म्हणून दाखवले.

“पूर्क्वा?” बाईंनी विचारलं. म्हणजे, का? एवढं का खपलं?

पोर थिजली. डोळे बाईंच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर गेले. मग खुर्ची मागे सरकवून ती वर निघून गेली. जेवली नाही ती त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून रुचानं घरातल्या सगळ्या चादरी धुऊन मागच्या दोरीवर टाकल्या होत्या. संध्याकाळी त्या आत आणल्या. रुचा फोनवर बहिणीशी बोलत होती, म्हणून बाईंनी निहारिकाला हाक मारली. डबलबेडची चादर एकटीनं घडी होत नाही.

दोन टोकं तिच्या हाती, दोन बाईंच्या हाती. चादर ताणली, आणि बाईंना शाळेची इस्त्रीची खोली आठवली. मदर मुलींना फ्रेंच बोलायला तिथे शिकवायची. चॅपलच्या चादरी दोघी-दोघींनी धरायच्या. टोकं जुळवायला जवळ आलं की एकीनं एक वाक्य बोलायचं, मागे सरकताना गप्प राहायचं, पुन्हा जवळ आलं की दुसरीनं उत्तर द्यायचं. हात कामात असले की जीभ घाबरत नाही, असं मदरचं म्हणणं.

बाई दोन पावलं पुढे आल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, “चादर गार आहे.”

निहारिका हसली. पुढच्या घडीला उत्तर आलं, “पण वाळली आहे.”

पहिली चादर अशीच हवापाण्यावर गेली. दुसऱ्या चादरीत शाळेतली कुणी मैत्रीण आली, तिसरीत आजीच्या फ्रेंचची थट्टा, की आजी एखाद्या जुन्या राजवाड्यातून फोन केल्यासारखी बोलते. बाईंना ही थट्टा पुरती कळली. वर्षभरात प्रथमच नातीचं एखादं वाक्य त्यांना आख्खं कळलं होतं.

चौथ्या चादरीला त्यांनी पुन्हा विचारलं, “पूर्क्वा?”

निहारिका जवळ आली, टोकं जुळवली, आणि हळूहळू शब्द जुळवत म्हणाली, “नंतर कंपनीनं तेच गाणं एका आवाजात काढलं. दुसरा आवाज काढून टाकला. लोकांनी आपापल्या घरात स्वतः गाऊन ती जागा भरली आणि फोनवरून इंटरनेटवर टाकलं. पहिल्यापेक्षा तेच जास्त चाललं. लोक एकटे होते, आजी. त्यांना त्यात जागा मिळाली.”

बाईंनी घडी केलेली चादर पुन्हा उलगडली. “परत एकदा सांग.”

त्या आठवड्यात घरातली एकही चादर धड कपाटात राहिली नाही. एके दिवशी रुचा दारात उभी राहून म्हणाली, “आई, धोबीघाट काढलाय का आपण? आणि परीक्षेला काय ही पलंगावरची चादर घेऊन जाणार ही?”

निहारिकाचा चेहरा उतरला. बाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की ती चहा ठेवायच्या निमित्तानं वळली. पण तिचं चुकीचं नव्हतं. परीक्षेच्या खोलीत समोरचं टोक धरायला कोण असणार? बाईंनी दुसरी चादर काढली.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पाऊस. रुचा तिला गाडीनं सोडून आली. बाईंनी उगाच दोनदा तांदूळ निवडले.

निहारिका परतली ती मास्क हनुवटीवर ओढत, बूट न काढताच आत. खिशातून तिनं गाण्याच्या कव्हराचं चित्र काढलं. त्याच्या इतक्या घड्या पडल्या होत्या, की काड्यापेटीएवढं झालं होतं.

“बोलताना मी हेच घडी करत बसले, आजी,” ती म्हणाली. मराठीत. अडखळत, पण मराठीत. “मॅडम म्हणाल्या, चित्र जरा उलगड, मला बघू तरी दे.”

“आणि पूर्क्वा विचारलं?”

“विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, वेळ संपली, आता थांब.”

“थांब म्हणाल्या?” रुचानं विचारलं. “तुला?”

निकाल सप्टेंबरात लागायचा होता. निहारिकानं वरण-भात दोनदा वाढून घेतला आणि आजीला गाणं ऐकवलं, एका आवाजाचं. दुसरा आवाज आजीनं लावायचा असं ठरलं. शब्द पाठ व्हायला वेळ लागणार होता.

संध्याकाळी बाईंनी डायरी उघडली. ‘दिवसभर पाऊस. निहारिकाची तोंडी परीक्षा झाली, बोलली. चादरी बाहेर वाळल्या नाहीत, घरातच खुर्च्यांवर टाकल्या.’