उडता घोडा आणि भरलेली विहीर

त्या दुष्काळात टँकर येईपर्यंत तलवाड्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी सर्जेराव घागरी घेऊन बसलेल्या सभासदांना अद्भुत कादंबऱ्या वाचून दाखवत. त्यांचा जीव उडत्या घोड्यांच्या लेखकावर जडला होता. दुकानदार शंकरप्पांना पऱ्यांचा लेखक लागे. दोघांचं बोलणं बंद व्हायची पाळी आली, तेव्हा सर्जेरावांनी सोसायटीच्या रीतीनं सभा लावली. दोघांनी आपापलं पान वाचायचं आणि मग हात वर करून मतदान.

शंकरप्पांची परी महालात नुसती रुसून बसली. सर्जेरावांचा घोडा मात्र समुद्रावरून उडाला, राक्षसानं अख्खं गाव गिळलं, आणि सभा खूश झाली. सर्जेराव ऐटीत वाचू लागले, “मग भर वैशाखात घोडा काठोकाठ भरलेल्या विहिरीवर उतरला.”

“थांबा,” घागरीपाशी बसलेल्या चतुराबाई म्हणाल्या. “कुठं हाय ही विहीर?”

“अहो, कल्पना आहे ती.”

“घोडं उडू द्या, आमचं काय न्हाई. पण वैशाखात भरलेली विहीर? काहून इतक्या थापा मारतो हा माणूस?”

सगळे हात परीला गेले.

तेव्हापासून सर्जेराव वाचता वाचताच कादंबरीतल्या विहिरी आटवत, नद्या कोरड्या करत. राक्षसाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही, कारण त्याच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.