खोकी टेबलावरच होती

पडघ्याला हायवेला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान लहान आणि तुझं तोंड मोठं, असं नवरा म्हणतो. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, हा सुट्टे देणार, हा घासाघीस करणार, हा मूळ कागद मशीनमध्येच विसरून जाणार. सहसा चुकत नाही. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

समोर पोलीस चौकी. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तिथला हवालदार आला. दुकानात कॉलेजच्या फॉर्मवाल्यांची ही गर्दी. "ताई, पंच पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, चला," म्हणाला. पंच म्हणजे, पोलिसांनी जो माल जप्त केला तो माझ्या डोळ्यांसमोर केला, असं लिहून देणारा साक्षीदार. चौकीसमोर दुकान थाटून बसल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? शटर अर्धं ओढलं आणि गेले.

टेबलावर मोबाईलची चार खोकी होती, वडप्याच्या गोदामातून चोरीला गेलेली. भिंतीशी एक माणूस उकिडवा बसला होता. सडसडीत, खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. गोदामात हमाली करतो, वरच्या पाड्यावरचा आहे, असं हवालदाराने सांगितलं. त्याने मान वर केली, मी एकदा बघितलं आणि मनात म्हटलं, हाच. एक पान झेरॉक्स व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पंचनामा लिहून तयारच होता. फुल्या मारलेल्या जागी सह्या ठोकल्या आणि धावत दुकानात परत आले. मग विसरून गेले.

यंदा ऐन उन्हाळ्यात समन्स आलं. भिवंडी कोर्टात साक्षीला हजर राहा. गेले. दारातच एका पोलिसाने त्या पंचनाम्याची प्रत हातात ठेवली. "वाचून घ्या ताई. वकील विचारतील त्याला हो म्हणायचं, विषय संपला." मी पहिल्यांदाच वाचला. त्यात लिहिलं होतं की आम्ही दोघे पंच आरोपीच्या घरी गेलो आणि त्याने आमच्यासमोर भाताच्या कणगीमागून चार खोकी काढून दिली.

अगं बाई! मी तर त्या पाड्यावर आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही.

तरी मी मनाची समजूत घातली. चोर तर तोच होता ना, मी बघितलाय. आणि पोलिसांशी वाकडं घेऊन उद्या दुकान कुठे नेऊ, डोंबिवलीला? हो म्हणून टाकायचं, असं ठरवून व्हरांड्यात आले. बसायला जागा नव्हती. बाकावरचा एक पिकल्या केसांचा माणूस सरकला आणि त्याने मला जागा करून दिली.

भला माणूस होता. "साएब साडेआकराबिगर बसत न्हाय," म्हणाला. पाणी कुठल्या नळाचं चांगलं, कुठल्या खिडकीशी वारा लागतो, सगळं त्याला ठाऊक. पानाच्या द्रोणात काळी करवंदं होती, त्यातली मूठभर माझ्या हातावर ठेवली. मी विचारलं, तुमची कसली केस? "जुनी हाय," एवढंच म्हणाला. मी लगेच निकाल लावला, जमिनीची असणार. कुणीतरी गोदामवाल्याने अंगठा घेतला असणार. "तुमच्यासारखी साधी माणसं दिसली की लुबाडतात मेले," मी तावातावाने म्हणाले. "मला विचारा. दुकान चालवते. माणूस बघताक्षणी कळतो मला."

"हां?" तो म्हणाला आणि हसला.

तासभर मी बडबडत होते. नवऱ्याची शुगर, मशीनचा बिघडलेला ड्रम, काय काय सांगितलं. तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. बाजूचा माणूस उठला, द्रोण बाकाखाली नीट ठेवला, आत गेला आणि आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिला. पाठोपाठ माझं नाव पुकारलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही आरोपीच्या घरी गेला होतात?" मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "मी चौकीत गेले तेव्हा खोकी टेबलावरच होती."

वकील भडकले. साक्षीदार फितूर झालाय, म्हणाले. मग माझीच उलटतपासणी. सही तुमची ना? मग तेव्हा खोटं लिहून दिलंत की आता खोटं बोलताय? वाचलं नव्हतं हो, घाई होती, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि दर वेळी ते जास्तच खोटं वाटत गेलं. दुसऱ्या पंचाने मागच्या तारखेला सगळ्याला हो म्हटलंय, हे मला तिथेच कळलं. म्हणजे माझ्या नाहीने तो सुटेल असंही नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

आता एक गोष्ट सांगते, जी घरी कुणालाच सांगितलेली नाही. बाकावर जागा दिली नसती, करवंदं दिली नसती, जरा उद्धट वागला असता, तर मी हो म्हणाले असते. शपथेवर. खोकी त्याने नेली होती की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. तेव्हा एका नजरेत चोर ठरवला, आता तासाभरात संत.

बाहेर आले तर तो पायरीशी उभा होता. या केसपायी एकही गोदामवाला गेटच्या आत घेत नाही, करवंदं विकून चाललंय, असं त्याने मी विचारल्यावर सांगितलं. मला रडूच फुटलं.

"तुम्ही मला ओळखलं नव्हतं का हो?"

"वळखलं व्हतं. तुमी पायरी चढल्या तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"सा वर्सांत हितं कोनी माज्याशी आसा बोललाच न्हाय, ताई. तुमी मना चांगला मानूस समजून बोलत व्हत्या. म्हटला, बोलू दे जरा."