घरी परवानगी नव्हती

"ती बुरख्यातली, तिसगावची, उभी राहा," मॅडम म्हणाल्या.

नगरला बायकांसाठी उद्योगाचं प्रशिक्षण होतं. मला शिलाईचं दुकान टाकायचं होतं. तीस-पस्तीस जणींत मुसलमान मी एकटीच. उभी राहिले.

मॅडम सगळ्यांकडं वळल्या. "ह्यांच्यात बघा, धर्मच बाईला पुढं येऊ देत नाही. म्हणून तर समाज मागं राहिला. तरी ही आली." मग मला म्हणाल्या, "सांग, घरून किती विरोध झाला?"

विरोध झालाच नव्हता. अब्बा पिंजारी. कापूस पिंजत, गाद्या भरत गावोगाव फिरले. नाकातोंडात कापूस जाऊन दमा लागला. पण मला कॉलेजात घातलं. शिकणं फर्ज हाय, म्हणायचे. शिलाई मशीनही त्यांनीच आणली.

पण मॅडमना काय ऐकायचंय ते दिसत होतं. पुढं प्रदर्शनात कुणाला जागा द्यायची, ती निवड त्यांच्याच हातात.

"घरी परवानगी नव्हती," मी म्हणाले. "भांडून आले."

टाळ्या वाजल्या. लई वाजल्या. मी हसले. आणि मागं बघितलं तर दाराशी अब्बा. मला सोडायला आले होते, बाहेर थांबले होते. माझा विसरलेला डबा द्यायला आत आलेले. त्यांनी डबा खाली ठेवला आणि गेले.

संध्याकाळी दोघं परतताना एसटी करंजीच्या घाटात आली. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, मी तुला कधी अडवलं?"

रागानं नाही. खरंच आठवून बघत असल्यासारखं.

मी तोंड खिडकीकडं केलं. ती लाज अजून गेली नाही. मॅडमनी माझा अपमान केला. अब्बांचा मी केला.

शेवटच्या दिवशी पाहुणे आले. मॅडमनी मला पुन्हा उभं केलं, तेच सांग म्हणाल्या.

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "घरून मला कुणी अडवलं नाही. गाळा भाड्यानं बघायला गेले तेव्हा अडवलं. गाळा रिकामा होता. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, कालच दिला. तीन ठिकाणी."

एकही टाळी नाही. मॅडम म्हणाल्या, "इथं राजकारण नको. बस खाली."

मी बसले नाही. बायकांना घरात कोंडणारे आमच्यातही आहेत, म्हणाले. त्यांच्याशी मी मोहल्ल्यात तोंडावर भांडते. "पण त्यांच्या आडून गाळ्याचं झाकू नका."

प्रदर्शनाच्या यादीतून माझं नाव गेलं. गाळा अजून नाही. मशीन ओसरीवर चालते. अब्बांची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ दे.

मी जाऊ देणार नाही. बापाला जुलमी ठरवून मिळणारं काहीच मला नको. चौथ्या गाळ्याला जाईन तेव्हा आधी नाव सांगेन, मग भाडं विचारेन. नाही म्हणणाऱ्याला कारण त्याच्या तोंडानं बोलायला लावीन.