डी ड्राइव्ह जात नाही

मी मुळात भित्रा माणूस. सुप्याच्या एमआयडीसीत आठ-आठ तास मशीनवर उभा राहतो, पण घरी गॅस बंद केलाय का हे बघायला तीनदा उठतो. त्यामुळे माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर जेव्हा आलं, की या विंडोजला आता अपडेट मिळणार नाही आणि नवीन विंडोज या मशीनवर चालणार नाही, तेव्हा मी घाबरलोच. सुट्टीच्या दिवशी ट्रक चालवायचा गेम खेळल्याशिवाय मला करमत नाही. चाळिशीचा माणूस गेम खेळतो म्हणून हसायचं तर हसा खुशाल.

कंपनीतला एक जण म्हणाला, "विंडोज काढ अन् लिनक्स टाक की. लई सोपं हाय." टाक म्हणे! कुठलं टाकू? मोबाईलवर शोधलं तर लिनक्सचेच ढीगभर प्रकार; एक सांगतो उबंटू घ्या, दुसरा म्हणतो मिंट, तिसरा म्हणतो गेम खेळायचे तर फेडोराच. एकानं ज्याला नवख्यानं हात लावू नये म्हणून सांगितलं, त्याचंच दुसरा गुणगान गातोय. दोन आठवडे मी जेवताना, कंपनीच्या बसमध्ये, तेच वाचत होतो. ग्राफिक कार्ड ओळखलंच नाही तर? गेम चालूच झाला नाही तर? निम्म्यात लाइट गेली तर? बायको म्हणाली, "मला बघायला आल्ता तवा एवढा इचार न्हवता केला तुमी."

बायको पुणतांब्याची. तिचे वडील, आण्णा, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे सात-आठ व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये होते. कांदा भरताना माणसांवर ओरडणारे आण्णा, ओट्यावरून लेकीला हाक मारणारे आण्णा. मोबाईल बिघडायला लागला तसे ते सगळे मी कॉम्प्युटरवर घेतले, डी ड्राइव्हला. मोबाईल पुढं बंदच पडला. म्हणजे आण्णांचा आवाज आता त्या एकाच जागी राहिला होता, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

तरी डीची काळजी मी केली नाही. कॉम्प्युटर घेतला की आमच्याकडे दुकानदार पहिलं हेच शिकवतो, "महत्त्वाचं ते डीला ठेवा. फॉरमॅट मारला तर सी जातो, डी जात न्हाई." माझ्या मशीनला तीनदा फॉरमॅट मारलेला, आणि तिन्ही वेळा डी जसाच्या तसा होता. जगातल्या सगळ्या गोष्टींना भ्यालो, आणि जिथं भ्यायला हवं होतं तिथंच निवांत राहिलो.

शेवटी मिंट ठरवलं. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहिलं. वायफाय लागलं, आवाज आला, जरा धीर आला. सुट्टीच्या सकाळी बायको बाजाराला गेली तशी मी बसलोच. मधे एका ठिकाणी त्यानं विचारलं, डिस्क पुसून इन्स्टॉल करू का, सगळ्या फायली जातील. तिथं सी असं कुठं लिहिलेलं नव्हतं, डी असंही नव्हतं. मी म्हटलं, डिस्क म्हणजे सीच असणार. दाबलं. आणि लाइट जाऊ नये म्हणून हात जोडून बसून राहिलो. लाइट गेली नाही.

दुपारी गेम उतरवून चालू केला. अहाहा, काय चालला! ट्रक एकदाही अडकला नाही. मी एकटाच खुर्चीत हसत होतो. दोन तास खेळलो आणि मग सहज डी बघायला गेलो.

डी नव्हता. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग, आणि मी अख्खी डिस्कच पुसली होती. फोल्डरमागून फोल्डर उघडले, सगळे कोरे. तेवढ्यात बाहेर चपला काढल्याचा आवाज आला आणि मी स्क्रीन बंद केला. "झालं का तुमचं लिनक्स?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी, फायली परत निघतात का बघायला, कॉम्प्युटर दुकानात नेला. तिला म्हटलं, जरा सेटिंग राहिलंय. दोन दिवस ती भाकरी वाढताना माझ्याकडं बघायची, तेवढ्यानंही दचकायचो. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं सांगितलं, फायलींची नावं निघालीत, उघडत एकही नाही. वर नवीन लिहिलं गेलंय. गेमच बसला होता की त्यांच्यावर!

त्या संध्याकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, ओरडेल, रडेल, माहेरी जाते म्हणेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे हात नुसते थांबले.

"मी ते एकदाबी उघडलं न्हवतं," ती म्हणाली. "जीवच हुत न्हवता. मनाशी म्हनायची मी, हाय ना घरात, बघू सावकाश."

मला तोंड वर करवेना. चुकलो, म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. हात पुसून तिनं मोबाईल घेतला आणि पुणतांब्याला आईला फोन लावला. मला वाटलं, आता सांगणार. सांगितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "आन्ना मला हाक कशी मारायचे गं? एकदा मारून दाखीव ना."

मोबाईल तिनं कानाला घट्ट धरला होता. तिकडून काय आलं, ते मला ऐकू आलं नाही.