बैहरच्या मुलींचे सर

नवा माणूस भेटला, की सर नाव-गाव विचारत नसत. खांद्यावर हात ठेवून म्हणत, "काय खेलतं बाप्पा तू?" साहेबालाही हेच, चपराशालाही हेच. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "फाइली." ते पोट धरून हसले. मी हसलो नाही.

मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत मी बाबू होतो, ते कबड्डीचे प्रशिक्षक. टेबलं समोरासमोर. असा सहकारी तुम्हीही पाहिला असेल: राबायचं तुम्ही, आणि लोक शोधत येणार त्याला. बैहरहून जीपमध्ये दाटीवाटीनं मुली यायच्या आणि माझ्या डोक्यावरून मान उंचावून विचारायच्या, "सर कहाँ हैं?" मी जणू खिडकीची चौकट.

एकदा राज्याचे युवक कल्याण मंत्री येणार असं ठरलं. जिल्ह्यातल्या तरुण मुलामुलींचं म्हणणं ते ऐकणार होते. मंचावर कोण बसणार, ती यादी माझ्याकडे. मी स्वतःचं नाव घातलं, सरांचं गाळलं. तेवढ्यावर थांबलो नाही. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली हवी, असा सरांचा अर्ज माझ्याकडे आला होता. तो मी कपाटात तळाशी सरकवला. आज सांगताना जीभ जड होते. तेव्हा हात जड झाला नव्हता.

मंत्र्यांनी माझं स्वागताचं भाषण मोबाइल बघत ऐकलं. मग माइक मुलींकडे गेला. बैहरची एक मुलगी उठली.

"साहब, हम झाड़ी के पीछे कपड़े बदलते हैं. लड़के झाँकते हैं. दो लड़कियों ने खेलना ही छोड़ दिया."

मंत्र्यांनी मोबाइल खाली ठेवला. "किसी ने आवेदन दिया था?"

शेवटच्या रांगेतून सर उठले.

"जी, दिया है. बाबूजी फाइल बना रहे हैं," ते म्हणाले.

मंत्री मंचावरून उतरले, सरांचा हात हातात घेतला, आणि मागे न बघता मला म्हणाले, "शाम तक फाइल चाहिए."

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना गाठलं. "मले काहून वाचवलं तुम्ही?"

"तुले कुठं वाचवलं? तुझ्याशी भांडत बसलो असतो, तर पोरींची खोली राहून गेली असती."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या लेखी मी भांडण्याइतकाही नव्हतो.

खोली झाली. पुढे ते निवृत्त होऊन लामत्याला, आपल्या गावी गेले. परवा मंत्र्यांपुढे बोललेली तीच मुलगी कचेरीत आली. राज्याच्या संघात तिची निवड झाली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तिनं पेढ्यांचा डबा माझ्या हाती दिला. "सर तक पहुँचा देंगे?"

दुसऱ्या दिवशी मीच लामत्याची बस धरली. दारात वहिनी भेटल्या. "ते शाळेच्या मैदानात गेले. गावातल्या पोरींले शिकवून राह्यले. बलावू का?"

शाळेमागून शिट्टी वाजली आणि मुलींचा कल्ला उठला.

"नको," म्हणालो. डबा वहिनींच्या हातात ठेवला आणि बस येईपर्यंत त्या कल्ल्याकडे पाठ करून थांब्यावर उभा राहिलो.